डावा गाल

माझे सासरे एक्क्याण्णव वर्षांचे आहेत आणि आजवर ते एकदाही चुकलेले नाहीत. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणते, त्यामुळे त्यांचा हा समज दिवसेंदिवस पक्का होत गेलाय. घरात आम्ही त्यांना बाबा म्हणतो.

आमचं दुकान दाढी-कटिंगचं. खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. तो जिना उतरताना बाबा कठड्याला हात लावत नाहीत, कारण कठड्याला म्हातारे लोक हात लावतात. दुकान आता माझी मुलगी चालवते. आमचे हे, म्हणजे तिचे वडील, केस कापतात आणि गप्प राहतात. वस्तरा त्यांच्या हातात बाबांनी कधी दिलाच नाही. "याचा हात चांगला आहे, पण भित्रा आहे," असं एकदा म्हणाले, आणि ह्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं. मी टॉवेल धुते, दुकानाची झाडलोट बघते आणि बोलते. घरात कुणीतरी बोलायला लागतंच.

बाबांचा हात उतरला तो नातीत. लहान होती तेव्हापासून ती फुग्याला साबण लावून वस्तऱ्याने तो साबण काढायची. सुरुवातीला घरात दिवसभर फटाफट फुगे फुटत. मग हळूहळू आवाज बंद झाले. फुगे फुटायचे थांबले तेव्हा बाबांनी तिला स्वतःच्या शेजारची खुर्ची दिली.

आमच्या दुकानात एक रीत आहे. बाबांना त्यांच्या उस्तादांनी दिलेली. शिकणाऱ्याचा हात तयार झाला असं वाटलं, की उस्ताद एखाद्या सकाळी स्वतःची अर्धीच दाढी करून दुकानात येतो. एक गाल गुळगुळीत, दुसरा तसाच. बोलत काही नाही, सरळ खुर्चीत बसतो. उरलेला गाल शिष्याने करायचा. मग उस्ताद डोळे मिटून दोन्ही गालांवर बोटं फिरवतो. आपला गाल कुठला आणि शिष्याचा कुठला, हे बोटांना कळलं नाही तर शिष्य पास. ही परीक्षा कधी होणार हे सांगायचं नसतं आणि शिष्याने विचारायचं तर त्याहून नसतं. मागितली की गेली.

माझी मुलगी कितीतरी वर्षं वाट बघत होती. तिशी जवळ आली, गल्लीतले निम्मे लोक तिच्याच हाताने दाढी करून घेतात, पण जिन्यावर बाबांची पावलं वाजली की तिची नजर आधी त्यांच्या गालांवर. दोन्ही गुळगुळीत दिसले की ती निमूटपणे कामाला लागायची. मला तिची दया यायची आणि बाबांचा राग. एकदा तर मी त्यांना म्हटलंसुद्धा, "अहो बाबा, घेऊन टाका ना पोरीची परीक्षा. का छळताय?"

"फळ पिकायच्या आधी हलवू नये," बाबा म्हणाले.

"झाड एक्क्याण्णवचं झालंय, त्याचाही विचार करा," मी म्हटलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढीच शांतता.

आता गोळीचं सांगते. त्या वर्षी बाबांना जरा धाप लागायला लागली म्हणून आम्ही त्यांना इस्पितळात दाखवलं. तिथला डॉक्टर तरुण, हसरा, गालांवर चार केस इथे तर चार तिथे अशी दाढी. बाबा सगळा वेळ त्याच्या दाढीकडेच बघत होते. डॉक्टरने नाडी धरली, ईसीजीची पट्टी काढली आणि सांगितलं, की यांच्या हृदयाचे ठोके बेताल पडतायत. हृदयाचा एक भाग नुसता थरथरतो, त्यामुळे तिथे रक्त साचतं, त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली की झटका येतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यायची. सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

"या वयात?" हे म्हणाले. हे बोलले म्हणून मीच दचकले.

"वयामुळे गोळी नको असं लोकांना वाटतं," डॉक्टर म्हणाला. "पण वय जितकं जास्त, तितका झटक्याचा धोका जास्त. म्हणजे गोळीचा फायदाही त्यांनाच जास्त. फक्त एक होतं, कुठे कापलं तर रक्त थांबायला वेळ लागतो. तेवढं जपायचं."

नणंदेला कळलं तेव्हा तिचा फोन आला. "नव्वदी ओलांडलेल्या माणसाला कसल्या गोळ्या चारताय, वहिनी? राहू दे की सुखाने."

"अर्धं अंग लुळं पडलेला माणूस सुखाने राहतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं. फोन कट झाला.

तेव्हापासून गोळी मी स्वतःच्या हाताने देत होते. बाबांच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायचा, घोट घेतला की पेला परत घ्यायचा. डोळ्यांत तेल घालून बघत होते म्हणा ना. मधे एकदा दाढी करताना त्यांना हनुवटीवर जरासं लागलं. रक्त लवकर थांबेना, म्हणून ते कापसाचा बोळा चिकटवून खाली आले. खुर्चीत आमचे जुने गिऱ्हाईक पोस्टमन बसले होते. निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, पण गल्लीतली प्रत्येक बातमी अजून तेच पोचवतात.

"उस्ताद, आज दाढी कुणाकडे केलीत?" पोस्टमन म्हणाले.

सगळं दुकान हसलं. बाबाही हसले. मला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती सकाळ आली. मी नेहमीसारखी बाबांना चहा आणि गोळी दिली, आणि मग दाढीचं गरम पाणी त्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं. त्यांनी त्यात बोट बुडवलं आणि म्हणाले, "हे गरम पाणी? यात मासे पोहतील."

"मग आधी मासे धरा, मग दाढी करा," मी म्हटलं आणि खाली आले. तेव्हा शाळेची बस गल्लीत शिरत होती. आमच्या दारातच ती वळते आणि रोज आमच्या पाटीला घासून जाते, म्हणून ती कधी आली हे मला न बघताही कळतं.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. मी टॉवेलच्या घड्या घालत होते. वर बघितलं तर बाबा कठडा धरून उतरत होते. मनात म्हटलं, चला, अक्कल आली एकदाची. मग त्यांचा चेहरा दिव्याखाली आला आणि माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. उजवा गाल गुळगुळीत. डाव्या गालावर पांढरे खुंट जसेच्या तसे.

पोस्टमन खुर्चीत होते, अर्धवट फेसात. ते स्वतःच उठले, गळ्यातलं कापड काढलं आणि म्हणाले, "बसा उस्ताद. आज माझं राहू दे." हे कात्री हातात धरून हसत उभे राहिले. आणि माझी मुलगी! तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. बाबा येताना दाराच्या चौकटीला डावा खांदा घासून आले, खुर्चीत जरा तिरके बसले. मला वाटलं, ऐट आहे. असा प्रसंग रोज का येतो?

तिने हात धुतले. नवं पातं नाही, बाबांचा जुना वस्तराच काढला आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला. फेस केला. डाव्या गालावर ब्रश गोल गोल फिरवला. बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून घसरून खाली लोंबत होता, तो मी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. एवढा जड का लागला, असं वाटलं खरं. पण सगळे इतके खूश होते, की वाटलेलं मनातच राहिलं.

"आजोबा, गाल फुगवा," ती म्हणाली.

आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हटलं जातं. गाल फुगवला की कातडी ताठ होते आणि वस्तरा सरळ जातो. बाबांनी गाल फुगवला. फुस्स करून डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून हवा निघून गेली आणि फेसाचा एक ठिपका आरशावर उडाला.

पोस्टमन खो खो हसले. "उस्तादांनी पेपर अवघड काढलाय!"

"आजोबा, नीट फुगवा ना."

पुन्हा फुस्स. सगळे हसले. मुलगी मात्र हसली नाही. तिने वस्तरा बाजूला धरला आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तो गाल ताणून बघितला. मग उजवा ताणून बघितला. मग पुन्हा डावा.

"आई," ती म्हणाली, "हा गाल सैल आहे."

"वय झालं, गाल सैल असणारच."

"काल नव्हता."

आणि तिने वस्तरा मिटला. किती वर्षं ती या खुर्चीची, या गालाची वाट बघत होती ते मला माहीत आहे. तिने वस्तरा मिटून खिशात टाकला, बाबांच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "ही परीक्षा नाहीये. आजोबा, दोन्ही हात वर करा."

उजवा हात वर गेला. डावा मांडीवरच राहिला.

"दोन्ही, आजोबा."

"दोन्हीच केलेत की," बाबा म्हणाले. शब्द जरा जाड, बोजड येत होते, पण म्हणाले ते इतक्या खात्रीने, की दुसरा हात कुठे आहे म्हणून मी क्षणभर वरच शोधत राहिले.

मग मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोस्टमननी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. पत्ता सांगायचं काम त्यांच्याइतकं नेमकं कोण करणार? हे धावत जाऊन साखरेचं पाणी घेऊन आले. मी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. ज्याला गाल फुगवता येत नाही त्याला पाणी धड गिळता येईल कशावरून? घशात गेलं तर दुसरंच संकट. ते साखरेचं पाणी शेवटी ह्यांनीच पिऊन टाकलं, आणि बरं झालं, नाहीतर तेच पडले असते.

अॅम्ब्युलन्समध्ये बाबा सारखे विचारत होते, "मला झालंय काय? दाढी झाली, कपडे घातले, आता कामाला बसणार होतो." त्यांच्या डाव्या गालावर फेस वाळत चालला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

इस्पितळात तोच डॉक्टर भेटला. पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे अगदी ठीक कधी होते?"

"शाळेची बस आली तेव्हा," मी म्हटलं. "तेव्हा ते माझ्यावर ओरडले. दोन्ही बाजूंनी ओरडले."

डॉक्टरला तेवढ्यातही हसू आलं. घड्याळ बघून म्हणाला, "छान. लवकर आणलंत." बाबांना आत नेऊन मेंदूचा फोटो काढला. परत आला तेव्हा भराभर सांगितलं. रक्तस्राव नाही. मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका बारीक नळीत गुठळी अडकलीय, म्हणून डावी बाजू गेलीय. नुसती दुबळी झाली नाही, डावी बाजू आहे हेच त्यांच्या मेंदूला कळत नाहीये. म्हणून अर्धीच दाढी झाली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. जितकं लवकर, तितकं चांगलं.

"एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाला देतात?" मी विचारलं.

"कालपर्यंत जिना चढत-उतरत भांडणाऱ्या माणसाला देतात," तो म्हणाला. "धोका आहे, पण नुसतं वय बघून मी थांबणार नाही. अडचण दुसरी आहे. त्यांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मीच दिलीय. ती पोटात असताना हे इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. गोळी शेवटची कधी घेतली?"

"आज सकाळी," मी म्हटलं. "आणि काल संध्याकाळी. मी माझ्या हाताने देते. एकही चुकलेली नाही."

हे सांगताना मला केवढा अभिमान वाटला! आणि डॉक्टरचा चेहरा उतरला. "मग इंजेक्शन देता येणार नाही," तो म्हणाला. "नळी इतकी बारीक आहे, की तार घालूनही गुठळी काढता येणार नाही. बाकीचे उपचार करू. पण हाताचं मी सांगू शकत नाही."

हाताचं. लोकांना वाटतं दाढी उजव्या हाताने होते. उजवा हात नुसता वस्तरा धरतो. कातडी कुठे ताणायची, कुठे सोडायची, माणूस घाबरलाय की झोपलाय, हे सगळं डाव्या हाताच्या बोटांना कळतं. बाबांचा डावा हात गेला म्हणजे बाबाच गेले. मी या माणसाशी आयुष्यभर भांडले, आणि त्या क्षणी मला कळलं, की मला उद्याही भांडायचंय, परवाही भांडायचंय.

मुलगी बाबांच्या उशाशी वाकून उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टर, हे बघा." बाबांच्या उजव्या जबड्यावर, कानाखाली, दाढी करताना लागलेली एक बारीक चीर होती. ताजी, आजचीच. "हे रक्त केव्हाच थांबलंय. कॉलरवर डागसुद्धा नाही. मागे लागलं होतं तेव्हा किती वेळ कापूस धरला होता."

डॉक्टरने चीर बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं.

"बाबा, गोळी गिळता ना तुम्ही?"

"म्हणजे काय?" बाबा म्हणाले. "तूच तर देतेस."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, नुसत्या संशयावर मी हे इंजेक्शन देऊ शकत नाही. तुम्हीच खरं सांगितलं पाहिजे."

"मला इंजेक्शन कशाला? मला काही झालेलंच नाही!"

तेव्हा माझ्या मुलीने त्यांचा उजवा हात हातात घेतला. आरसा दाखवून उपयोग नव्हता. आरशात ते उजवा गालच बघणार, हे तिला कळलं असावं. तिने तो हात उचलून त्यांच्या चेहऱ्यावरून पलीकडे नेला आणि बोटं डाव्या गालावर ठेवली.

बोटं थांबली. मग आपोआप, जशी रोज फिरतात तशी, कानापासून हनुवटीकडे फिरली. वाळलेल्या फेसाचे पापुद्रे गळून उशीवर पडले.

"ही कुणाची दाढी?" बाबांनी विचारलं.

"तुमची, आजोबा."

"माझी झालीय."

"एकच गाल झालाय. तसेच तुम्ही जिना उतरून दुकानात आलात. मला वाटलं, माझी परीक्षा आहे."

बोटं पुन्हा फिरली. सगळं आयुष्य हा माणूस डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवत आला. बोटं खोटं बोलत नाहीत, हे गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी ऐकवलंय. आता त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. मी ती तिथे कधी पाहिली नव्हती आणि मला ती मुळीच आवडली नाही.

"पोरी," ते म्हणाले, "मी आज परीक्षा ठेवली नव्हती."

"माहितेय."

बाबांनी मान वळवून मला शोधलं. मी उजवीकडेच उभी होते म्हणून सापडले. "सूनबाई," ते म्हणाले, "मी गोळी गिळत नाही. जिभेखाली धरतो. तू गेलीस की सकाळची दाढीच्या पाण्यात टाकतो, संध्याकाळची मोरीत."

"कधीपासून?"

"तो कापूस लागला होता, त्या दिवसापासून. दुकान हसलं. उस्तादाच्या हनुवटीला बोळा! असला उस्ताद कशाला हवा?"

म्हणजे कितीतरी आठवडे. रोज मी तळहातावर गोळी ठेवत होते, रोज हे मला पेला परत देत होते, आणि मग पाणी गार आहे म्हणून वर मलाच ओरडत होते! दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्यांची बिनपाण्याने केली असती. पण गंमत बघा, ज्या खोटेपणाने त्यांना झटका आला, त्याच खोटेपणामुळे आता इंजेक्शनची वाट मोकळी झाली होती. रागावू की हसू, हेच मला कळेना. म्हणून मी रडले. आणि रडायला आलं की मला आणखी राग येतो.

"नक्की ना, आजोबा?" डॉक्टरने विचारलं. "तुमचा जीव या उत्तरावर आहे."

"वस्तऱ्याची शपथ," बाबा म्हणाले. मग विचारलं, "हात परत येईल?"

"खात्री नाही. शक्यता वाढेल. रक्तस्रावाचा धोकाही आहे, तो लपवत नाही."

"मी लपवलं, तेवढं पुरे झालं. द्या."

इंजेक्शन दिल्यावर एक फतवा निघाला. दिवसभर अंगाला धार लावायची नाही. जरा कापलं तरी रक्त वाहत राहील. म्हणजे बाबा तसेच पडून राहिले, एक गाल उस्तादाचा आणि एक गाल भुरट्या चोराचा. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी शिक्षा असावी. नर्सबाई येता-जाता डोकावत होत्या. बाबा उजव्या हाताने चादर गालावर ओढून घेत होते. पलीकडे गाल आहे हे आता त्यांना आठवायला लागलं होतं, आणि त्या चादर ओढण्यावर डॉक्टर भलताच खूश झाला.

दुपारी त्यांनी नातीला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता दोन शब्द कौतुकाचे ऐकायला मिळतील.

"नापास," बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक खुर्चीत, गालावर फेस, आणि तू वस्तरा मिटलास. असं कुणी करतं?"

मुलगी इतकी हसली, की तिला खुर्ची धरावी लागली. बाबा छताकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "माझ्या उस्तादाला कळलं नसतं ते. मलाही कळलं नसतं. मी गाल पूर्ण केला असता आणि मग घरी जा म्हटलं असतं." मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मुलीचं हसणं कधी थांबलं ते तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आला आणि मुद्दाम डावीकडे उभा राहिला. बाबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "हात वर करा," तो म्हणाला. उजवा गेला. डावा आधी चादरीखाली वळवळला, मग हळूहळू, थरथरत, आळशी नोकरासारखा वर आला. आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत होतो. डॉक्टर तपासायला वाकला. त्या हाताने सरळ त्याची हनुवटी धरली, अंगठ्याने गाल ताणला आणि बाबा म्हणाले, "ही दाढी कोण करतं तुमची?"

"मीच करतो, आजोबा."

"सोडा. तुमचं काम नव्हे ते."

घरी आल्यावर हाताचे व्यायाम सुरू झाले. ओला टॉवेल पिळायचा, मी धुतलेले सगळे टॉवेल पिळायचे. माझं काम हलकं झालं, हे मी कबूल केलं नाही. काही दिवसांनी फेरतपासणी झाली. डॉक्टर म्हणाला, "आता गोळी पुन्हा सुरू. ही आयुष्यभर. आणि दाढी वस्तऱ्याने नको, मशीनने करा."

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने मान कापायला सांगितली होती. रस्ताभर ते आपल्या गालावर बोटं फिरवत राहिले. ह्यांनी दोनदा धीर करून घसा खाकरला आणि दोनदा गप्प बसले. वस्तरा की गोळी, यात बाबा काय निवडतील याची मला खात्री नव्हती. मी उगाच धीराचं बोलत राहिले आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

घरी येऊन बाबा जिना चढले. कठडा धरून. खुर्चीत बसले. मी गोळी आणली, तळहातावर ठेवली, पेला दिला. त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला आणि पेला माझ्यापुढे धरला. मग माझ्याकडे बघत राहिले. मी आता "तोंड उघडा, जीभ वर करा" म्हणणार, असं त्यांना वाटत होतं. मी ठरवलंही होतं तसं. इस्पितळात बसल्या बसल्या मी ते वाक्य घोटून ठेवलं होतं.

पण मला ते म्हणवेना. एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाचं तोंड रोज उघडून बघायचं? चोर पकडायचा का मी रोज सकाळ-संध्याकाळ? मी पेला घेतला आणि म्हटलं, "चहा टाकते," आणि वळले.

"सूनबाई."

"काय?"

"बघितलं नाहीस तू."

"नाही बघितलं."

"उद्या?"

"उद्याही नाही बघणार. कधीच नाही. तुमची गोळी, तुमचा हात."

मी दारापर्यंत गेले असेन. मागून पुन्हा आवाज आला. "अजून एक घोट पाणी दे."

"कशाला?"

"गालात राहिली होती," बाबा म्हणाले.

राहिली होती की ठेवली होती, ते मी विचारलं नाही. पेला भरून दिला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं, आणि ते सगळं पाणी संपेपर्यंत पीत राहिले.